जेवल्यावर तीन तास

माद्रिद, १४ जानेवारी १९९६

सासूबाई,

आशीर्वाद असू द्या. हे पत्र आणि सोबतची पिशवी एनेदिनाच्या हाती पाठवतेय. तिच्या आईचा पाय मोडलाय म्हणून ती पंधरा दिवसांसाठी गावी येतेय. पिशवीत लेइदीसाठी निळा आणि स्टार्लिनसाठी लाल पोहायचा पोशाख आहे, दोन टॉवेल आहेत आणि तुमच्या गुडघ्यासाठी मलम आहे. मलम रोज लावायचं, कपाटात जपून ठेवायचं नाही. मी तुम्हाला ओळखते.

आता मोठी बातमी. माझे कागद झाले. तीन वर्षांनी मला इथे राहायचा परवाना मिळाला आणि पोरांना बोलावून घ्यायचा हक्कही. जुलैत मी येणार आणि दोघांना घेऊन जाणार. वकीलबाई म्हणाल्या, तिकडून एकच कागद हवा. पोरांच्या बापाची संमती, नोटरीसमोर सही केलेली. फाउस्तो तुमचा मुलगा आहे, तुमच्याशिवाय तो कुणाचं ऐकत नाही. सांतो दोमिंगोत त्या बाईबरोबर त्याचा संसार कसा का चालेना, मला त्याच्याकडून दुसरं काही नको. एक सही तेवढी घ्या. तिच्याविना पोरं विमानात चढू शकत नाहीत.

आणि माझी एक हौस आहे, तेवढी पुरवा. पोरांना लोस पातोसला, नदी समुद्राला मिळते तिथे न्या आणि पाण्यात मनसोक्त खेळू द्या. इथे आम्हा डॉमिनिकन बायकांच्या नशिबी दुसऱ्यांची पोरं. आमच्या बाईंचा आल्वारो पाच वर्षांचा आहे. मंगळवारी आणि गुरुवारी मी त्याला पोहायच्या तलावावर नेते. पोटाखाली हात धरून मी त्याला तरंगायला शिकवलं, आणि त्याला शिकवता शिकवता मीही शिकले. त्याच्या पोटाखाली हात असला की दर वेळी मनात येतं, माझ्या पोराचं पोट हाताला कसं लागतं हे मी विसरलेय. मी निघायच्या आदल्या दिवशी आपण सगळे लोस पातोसला गेलो होतो. स्टार्लिन दहा महिन्यांचा होता. नदीच्या गार पाण्यात त्याचे पाय बुडवले तर खदाखदा हसला होता.

एक फोटो पाठवा. ओल्या पोरांचा.

तुमची,
यानिरा


विसेंते नोब्ले, १८ फेब्रुवारी १९९६

यानिरा पोरी,

देव तुझं भलं करो. पिशवी मिळाली. एनेदिना अशी काही नटून आली की तिच्या आईने आधी तिला ओळखलंच नाही म्हणे, दवाखान्यातली कुणी बाई समजली. मलम लावते. कपाटात ठेवलेलं नाही, फ्रिजवर ठेवलंय.

तू सांगितलंस आणि मी केलं नाही, असं कधी झालंय? गेल्या रविवारी नेली पोरांना लोस पातोसला. लवकर उठून पातेलंभर स्पॅगेटी केली, सलामी मांसाचे भरपूर काप घालून. पातेलं टॉवेलात गुंडाळलं, तुझ्या नव्या नाही, जुन्या, आणि मांडीवर घेऊन बसले. बाराओनापर्यंत एक बस, तिथून दुसरी. दुसऱ्या बसमध्ये एका शहाण्याने विचारलं, आजी, पातेल्याचं तिकीट काढलंत का? मी म्हटलं, पातेल्याचं काढते, तू माझ्या मांडीवर बस. त्यानंतर लोस पातोस येईपर्यंत तो खिडकीबाहेरच बघत होता.

समुद्र आहे तसाच आहे, निळा आणि दांडगा. लाट मागे जाताना गोटे तसेच खडखडतात. नदीचं पाणी तेवढंच गार. पोरं अगदी मजेत होती. फोटोवाल्याकडून फोटो काढून घेतला, तो सोबत ठेवलाय. पोशाख बेताचे बसतात. लेइदीचा खांद्याला जरा घट्ट होतो. नऊ वर्षांची झाली, वाढतेय, आणि तू माप धरलंस ते सहा वर्षांच्या पोरीचं.

फाउस्तोचं म्हणशील तर त्याचा पत्ताच लागत नाही. घर बदललं म्हणे. ट्रक घेऊन कुठे कुठे भटकत असतो. निरोप ठेवलाय, सापडला की सही घेते. घाई कशाला, जुलै कुठे पळून चाललाय?

पोरं मुके पाठवतात.

मेलिदा


माद्रिद, १० मार्च १९९६

सासूबाई,

आशीर्वाद असू द्या. फोटो इतक्यांदा बघितला की कडा वळल्या. लेइदीचे पाय केवढे लांब झालेत. स्टार्लिनच्या हातात ब्रेड आहे आणि गालातही ब्रेड आहे, ते बघून मला हसू आवरेना.

पण रागावू नका, एक विचारते. दोघांचे केस कोरडे आहेत. लेइदीच्या वेण्यांच्या रिबिनी तर आत्ता इस्त्री केल्यासारख्या आहेत. आणि स्टार्लिनच्या चड्डीला दुकानाची चिठ्ठी अजून लोंबतेय. भिंग घेऊन बघितलं मी.

खरं सांगा. स्टार्लिनची छाती पुन्हा भरते का? तान्हा असताना थंडीत भरायची, मला आठवतंय. म्हणून पाण्यात घातलं नाहीत का? तुम्ही मला काळजी नको म्हणून लपवाल, हे मला पक्कं ठाऊक आहे, आणि म्हणूनच जास्त काळजी वाटते. पोर आजारी असेल तर मी जुलैपर्यंत थांबणार नाही. नोकरी गेली खड्ड्यात, पुढच्या विमानाने येईन.

तसं काही नसेल तर ईस्टरच्या सुट्टीत पुन्हा न्या. शुक्रवार सोडून, हे सांगायला नको. आणि सहीचं बघा. वकीलबाई दर आठवड्याला विचारतात.

यानिरा


विसेंते नोब्ले, १४ एप्रिल १९९६

यानिरा,

भलतंसलतं लिहू नये, बाई. छाती भरत नाही, काही नाही. परवाच तुझ्या चिरंजिवांनी शेजारच्या कोंबड्याचा पाठलाग करून त्याची दोन पिसं उपटून आणली, आणि शेजारीण माझ्या दारात येऊन तासभर भांडून गेली. छाती भरणारं पोर असलं करतं का? चिठ्ठी मी काढली नव्हती, कारण माप चुकलं तर दुकानात परत करता यावं. ते दुकान माद्रिदला आहे हे तेव्हा डोक्यात आलं नाही.

केस कोरडे होते कारण फोटो जेवणानंतर काढला. जेवल्यावर तीन तास पाण्यात जायचं नाही, हे तुला माहीत आहे की तिकडे जाऊन तेही विसरलीस? अन्न पोटात अडतं आणि माणूस जागच्या जागी आडवा होतो. माझ्या मावशीच्या दिराचं असंच झालं. दोन वाट्या भात खाऊन नदीत उतरला, बाहेर काढला तो खाटेवरूनच.

शनिवारी पुन्हा नेली. गुड फ्रायडेला पाण्यात गेलेला माणूस मासा होतो, आणि मला या वयात माशांची आजी व्हायचं नव्हतं. ईस्टरची राजम्याची गोड खीर केली होती, अर्ध्या गल्लीत वाटली, उरलेली डब्यातून नेली. पोरांनी बोटं चाटून खाल्ली. दिवस छान गेला. फोटोवाला सणाला गावी गेला होता, म्हणून फोटो नाही.

फाउस्तोचा अजून काही थांग नाही.

मेलिदा


(त्याच पाकिटात, चौकटीच्या वहीचा घडी केलेला कागद)

आई,

हे आजीला माहीत नाही. पाकीट मी चिकटवते म्हणाले, म्हणून आत घालता आलं. आम्ही लोस पातोसला दोनदा गेलो पण पाण्यात एकदाही गेलो नाही. पोचल्या पोचल्या आजी जेवायला वाढते. मग तीन तास बसायचं. तीन तास होत आले की आजी म्हणते, पोरांची तोंडं बघा कशी सुकली, आणि आंबा कापते. मग पुन्हा तीन तास. मग चारची बस येते. शनिवारी मी म्हटलं, मला भूक नाही. तर म्हणाली, एक घास आजीसाठी. एक घास खाल्ला तर किती तास, असं मी विचारलं. तेव्हाही तीनच.

स्टार्लिनला काही वाटत नाही, त्याला खायला आवडतं. मला पाणी बघून रडू आलं पण मी रडले नाही. तू आजीला रागावू नकोस. ती समुद्राकडे पाठ करून बसते आणि आमच्या पोशाखांचे पट्टे दोन्ही हातांनी धरून ठेवते.

तुझी लेइदी


माद्रिद, ५ मे १९९६

सासूबाई,

आशीर्वाद असू द्या. मला सगळं कळलं. कुणी सांगितलं ते विचारू नका आणि घरात कुणाला ओरडू नका. वाचून मी स्वयंपाकघरात इतकी हसले की बाई बघायला आल्या. स्पॅगेटी, मग आंबा, मग एक घास आजीसाठी. सासूबाई, तुमच्यापुढे वकीलबाईंनी हात टेकले असते. मग हसता हसता रडू आलं, आणि रडून झाल्यावर राग आला. तो अजून आहे.

काल आल्वारो आमलेट घातलेला ब्रेड खाऊन सरळ तलावात उडी मारून गेला. मी किंचाळले. बाई म्हणाल्या, काही होत नसतं गं. आणि काही झालं नाही. पण तीन तासांवरून मला भांडायचं नाही. माझं विचारणं निराळं आहे. दोनदा गेलात, दोनदा लिहिलंत की पोरं मजेत होती. त्यातलं एक अक्षर खोटं नाही आणि खरंही नाही. मग फाउस्तो सापडत नाही, हेही तसलंच का?

पोरं द्यायची नसतील तर तसं स्पष्ट सांगा. मी त्यांची आई आहे. तीन वर्षं परक्यांच्या पोरांचं हगणं-मुतणं काढलं ते कशासाठी? ऑगस्टच्या मध्यापर्यंत सहीचा कागद दिला नाही तर माझा अर्ज बाद होणार, असं वकीलबाई म्हणतात. मग पुन्हा पहिल्यापासून, म्हणजे आणखी दोन वर्षं. स्टार्लिन सहाचा होईल. तेव्हा मी त्याची कोण असेन, हे तुम्हीच मला सांगा.

तुमच्याशी मी कधी असं बोलले नव्हते. पण आता लिहिलंय ते खोडत नाही.

यानिरा


विसेंते नोब्ले, ९ जून १९९६

यानिरा,

तुझं पत्र आलं. लेइदीला काही म्हटलं नाही. पाकिटं चिकटवायची तिला एवढी हौस का, ते मात्र समजलं.

खरं हवंय ना तुला? ऐक. मला पोहता येत नाही. आमच्या गावात पाणी म्हणजे केळीच्या पाटाचं, गुडघ्याएवढं. माझा फाउस्तो त्या पाटात पडला, झाडावरून पडला, गाढवावरून पडला, मी हातातलं काम सोडून उठलेसुद्धा नाही. माझं पोर आणि माझं नशीब. ही दोघं माझी नाहीत. तू विमानात बसताना माझ्या हातात दिलेली ठेव आहेत. माझ्या पोराचं बरंवाईट झालं असतं तर मी देवाला जाब दिला असता. तुझ्या पोरांचं काही झालं तर तुला पत्र लिहावं लागेल. देवाचं मी बघून घेईन. ते पत्र मला लिहायचं नाही. लाट आली की माझे हात आपोआप पट्ट्यांना जातात, आणि पोटं भरलेली असली की पोरं हात ओढत नाहीत. खायला घालणं एवढं मला येतं, तेवढं मी केलं.

आता दुसरं, जे सांगायचं नव्हतं. स्टार्लिन मला आई म्हणतो. मी शिकवलं नाही. पण म्हणायला लागला तेव्हा थांबवलंही नाही, आणि ऐकून बरं वाटलं, हेही लिहून टाकते. तुला तो माद्रिद म्हणतो. टेलिफोनच्या दुकानातली तीन नंबरची खोली, जिथे रविवारी तुझा फोन येतो, ती त्याच्या हिशेबाने माद्रिद. गेल्या आठवड्यात शेजारच्या पोराला हात धरून तिथे घेऊन गेला आणि काचेतून रिसीव्हर दाखवला. म्हणाला, ती बघ माझी माद्रिद, ती मला बूट पाठवते. दुकानवाला हसत हसत सांगायला आला. मला हसता आलं नाही.

तू येशील आणि तो माझ्या झग्यात तोंड लपवेल. तेव्हा तू म्हणशील, म्हातारीने पोर फितवलं. म्हणून आधीच सांगून ठेवते.

फाउस्तोला शोधतेय. आणखी काय लिहू?

मेलिदा


माद्रिद, २५ जून १९९६

सासूबाई,

पत्र मिळालं. दोनदा वाचलं, तिसऱ्यांदा वाचवेना. रविवारी, चौदा जुलैला पोचते. त्याला सांगा, माद्रिद येतेय.

यानिरा


लोस पातोस, गुरुवार, १८ जुलै १९९६

सासूबाई,

आशीर्वाद असू द्या. दोन तासांच्या अंतरावर बसून पत्र लिहायची ही माझी पहिलीच वेळ. उद्या सकाळच्या बसवाल्याकडे देते. तो म्हणाला, दारात नेऊन देईन, त्या आजी कॉफी फार छान करतात.

तुम्ही म्हणाला होतात तसंच झालं. रविवारी तो तुमच्या झग्यात शिरला आणि सोमवारी रात्रीपर्यंत मला फक्त त्याचा एक कान दिसला. मंगळवारी सकाळी तुम्ही गुडघ्याचं निमित्त काढून आम्हा तिघांना बसमध्ये कोंबलंत आणि सोबत घासभरही खायला दिलं नाहीत. तेव्हा मला वाटलं, रागाने. बाराओना गेल्यावर कळलं, तुम्ही का आला नाहीत आणि पोटं रिकामी का ठेवलीत ते. पण बिस्किटांचा पुडा त्याने तुमच्या फळीवरून आधीच खिशात घातला होता, हे तुम्हालाही माहीत नसणार.

लेइदीचं आधी सांगते. नदीच्या डोहात पाऊल टाकलं आणि गारठ्याने ओरडली, आणि तासाभरात पाठीवर तरंगायला लागली. माझा हात होता तो कधी काढला हे तिला कळलंच नाही.

स्टार्लिन गोट्यांवर उभा. मी हात पुढे केला तर म्हणाला, "माद्रिद, मी जेवलोय." थोड्या वेळाने पुन्हा हाक मारली. त्याने खिशातून बिस्किट काढलं, माझ्याकडे बघत एक घास घेतला आणि म्हणाला, जेवलोय. मंगळवार असा गेला. बुधवारी पुन्हा तेच. मी सांगून बघितलं, तिकडची पोरं खाऊन उड्या मारतात, त्यांना काही होत नाही. तो म्हणाला, आई म्हणते मरतात.

बुधवारी दुपारी माझा धीर सुटला. उचललं त्याला. माझंच पोर, माझ्याच हातात, कोण अडवणार आहे मला? तो रडला नाही, लाथा मारल्या नाहीत. लाकडासारखा ताठ झाला आणि डोळे घट्ट मिटून घेतले. चार पावलं गेले आणि त्याला खाली ठेवलं. मला माझीच लाज वाटली, सासूबाई.

आज सकाळी त्याने पुन्हा बिस्किट काढलं, तशी मी त्याच्याशेजारी जाऊन बसले आणि मलाही दे म्हटलं. त्याने बराच विचार करून एक कोपरा मोडून दिला. तो मी खाल्ला आणि म्हटलं, झालं, आता मलाही तीन तास पाण्यात जाता येणार नाही.

"छोटासाच होता," तो म्हणाला.

मी म्हटलं, एक घास खाल्ला तरी तीनच. लेइदीने आजीला विचारलंय. ते त्याला पटलं. लेइदी डोहातून हाका मारत होती, आई ये, आई ये. मी ओरडून सांगितलं, येता येत नाही, जेवलेय. तेव्हा तो पहिल्यांदा माझ्या जवळ सरकला. तोही जेवलेला, मीही जेवलेली, आणि पलीकडे ती उपाशी पोरगी एकटीच पाण्यात.

मग आम्ही बसलो. पांढरे गोटे एकीकडे, काळे एकीकडे. मधेच त्याने विचारलं, टेलिफोनात बसायला जागा असते का? मी म्हटलं, नाही रे, उभीच होते.

"तीन वर्षं?"

"तीन वर्षं."

"पाय दुखले असतील."

मी म्हटलं, दुखले. तो म्हणाला, मग बस आता. आणि माझ्यासाठी खालचे टोचरे गोटे काढून जागा साफ करून दिली. मी समुद्राकडे तोंड फिरवलं, नाहीतर त्याच्या देखत रडले असते. नंतर तो माझ्या मांडीवर आडवा झाला आणि झोपून गेला. माझा हात त्याच्या पोटावर होता. तीन वर्षं जे आठवत नव्हतं ते हाताला लागलं, बिस्किटांनी टम्म फुगलेलं.

बाराच्या सुमाराला एक बाई तळलेला मासा आणि केळ्याचे काप घेऊन आली. वास आला आणि मला कडकडून भूक लागली, कारण सकाळपासून पोटात तो एक कोपराच होता. मी हात पुढे केला. स्टार्लिन जागा झाला होता. त्याने झटकन माझ्या तोंडावर तळहात ठेवला आणि म्हणाला, "खाऊ नकोस, माद्रिद. पुन्हा तीन तास होतील."

त्या बाईला मी परत पाठवलं. घड्याळात बघितलं तर अजून वीस मिनिटं होती. त्याला खरं सांगितलं, वीस मिनिटं आहेत. ती आम्ही बसून काढली. तुमचा एकही नियम मी आजवर इतक्या इमानाने पाळला नव्हता. वेळ झाल्यावर तोच उठला, माझा हात धरून मला ओढत डोहात घेऊन गेला. आधी गुडघ्यापर्यंत, मग कमरेपर्यंत, मग गळ्याला मिठी. हसला वगैरे नाही, दात वाजत होते. पण बाहेर निघू या का विचारलं तर मान हलवून नाही म्हणाला.

आता दोघं आमच्या भाड्याच्या खोलीच्या पायरीवर बसून मासा खातायत. केसांतून पाणी ठिबकतंय. फोटोवाला नाही, म्हणून हे पत्र.

फाउस्तोला शोधायला मी सोमवारी सांतो दोमिंगोला जाणार आहे. तो सापडला तर पोरं माझ्याबरोबर येतील आणि तुम्ही त्या घरात एकट्या राहाल. नाही सापडला तर मी एकटी जाईन. आधी मला या दोन गोष्टींतली एकच दिसत होती. आता दोन्ही दिसतात आणि दोन्ही सोसवत नाहीत. तरी शोधणार आहे, हे तुम्हाला कळावं.

स्टार्लिन विचारत होता, आई का नाही आली. मी गुडघा सांगितला.

यानिरा


विसेंते नोब्ले, शुक्रवार, १९ जुलै १९९६

यानिरा पोरी,

देव तुझं भलं करो. बसवाला समोर कॉफी पितोय, त्याची दुपारची परतीची फेरी आहे, तेवढ्यात लिहिते.

सांतो दोमिंगोला जाऊ नकोस. सोबतच्या पाकिटात कागद आहे. तारीख बघ, दोन फेब्रुवारी. तुझं पत्र आलं त्याच आठवड्यात फाउस्तो इथे आला होता. मीच त्याला बाराओनाला नोटरीकडे नेलं, मीच सही करायला लावली. मला वाटलं, काम करून टाकलं, आता पाठवू. मग तुला पहिलं पत्र लिहायला बसले आणि हात चालेना. कागद तू पाठवलेल्या टॉवेलांच्या घडीत ठेवला आणि लिहिलं, फाउस्तो सापडत नाही. दर पत्राला ठरवायची, या वेळी घालते. तेवढ्यात पोरगं मांडीवर येऊन बसायचं, आणि राहिलं. पाच महिने मी तुझ्याशी खोटं बोलले. पाण्याच्या भीतीचं मी तुला लिहिलं ते खरं होतं, पण अर्धंच. बुडण्याची भीती होती तेवढीच तू त्यांना नेण्याची होती.

तू आल्यावर रविवारी कागद द्यायला उठलेही होते. त्याने झगा धरून ठेवला होता. मला वाटलं, बघ, तोच सोडत नाही, मी काय करू. आज तुझं पत्र वाचलं. इतकी वर्षं तो माझ्याजवळ खाण्यासाठी आला. तुझ्याबरोबर पाण्यात जायचं म्हणून त्याने तळलेला मासा परत पाठवायला लावला. हे पोर कुणाचं आहे, ते यापुढे मला कुणी सांगायला नको.

दोघांना सप्टेंबरात तिकडे शाळेत घाल. स्टार्लिनला सकाळी अंडं लागतं आणि तो डाव्या कुशीवर झोपतो. बाकीचं लेइदीला ठाऊक आहे. तिला घर सोडताना रडू येईल, तेव्हा मला समोर उभी करू नकोस, मीही रडेन आणि विमान चुकेल.

तुला मला जे बोलायचं असेल ते रविवारी बोल. वाट्टेल ते बोल, मी ऐकून घेईन. पहिल्या बसने येतेय. स्टार्लिनला सांग, गुडघा बरा आहे. आणि तुझं ते तरंगणं मला जमायचं नाही, पण निदान कमरेपर्यंत तरी आत न्या मला, दोन्ही बाजूंनी धरून. शनिवारी रात्रीपासून मी काही खाणार नाही.

मेलिदा